नित्याचे उत्तम : वैनगंगेपासून मैकलपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती जीवनाचा एक अध्याय

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. पहिले अंग वादाचे. डॉ. जॉन विल्सन यांच्या काळात १८३० नंतर मुंबईत झालेल्या धर्मचर्चा, १८४२ साली निघालेले ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींची ग्रंथसंपदा, हे सारे या अंगात येते. दुसरे अंग भक्तीचे. त्याचे शिखर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे काव्य. या दोन्ही अंगांचा परामर्श आपल्या अभ्यासकांनी आस्थेने घेतला आहे. परंतु धर्म म्हणजे केवळ सिद्धांत नव्हे आणि केवळ स्तोत्रही नव्हे. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मनुष्याने काय करावयाचे, शेजाऱ्याशी कसे वागावयाचे, हातातले काम किती निगुतीने करावयाचे, हा प्रश्न वाद संपल्यावर आणि भजन आटोपल्यावरही उरतोच. या तिसऱ्या अंगाला आचाराचे अंग म्हणावे. त्याचा इतिहास ग्रंथांपेक्षा दवाखान्यांत, शाळांत, छापखान्यांत आणि स्वयंपाकघरांत अधिक घडला. म्हणूनच तो वाङ्मयेतिहासाच्या नजरेतून निसटला.

प्रस्तुत लेखात या तिसऱ्या अंगाचा एक धागा तपासण्याचा विचार आहे. हा धागा ज्या प्रदेशाच्या कडेकडेने जातो, तो बालाघाट आणि त्याचा मैकल-सातपुड्याचा शेजार आज महाराष्ट्रात नाही. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला आणि तो नागपूर विभागात घालण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. जिल्ह्याचा दक्षिण भाग वैनगंगेच्या खोऱ्यातला, भातशेतीचा, पोवार आणि मरार शेतकऱ्यांचा. तेथे मराठीच्या बोली, पोवारी आणि हिंदी एकमेकींच्या अंगणात नांदतात. घाट चढून वर गेले की बैहरचे पठार लागते. तेथे गोंड आणि बैगा यांची वस्ती, सालाची अरण्ये, आणि बंजर व हालोन या नद्यांचे नर्मदेकडे वाहणारे पाणी. राजकीय सीमा सरकल्या की वाङ्मयाच्या इतिहासकाराचेही लक्ष सरकते. बालाघाटच्या बाबतीत तसेच झाले.

या धाग्याचा आरंभ एका आपत्तीत आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताची धूळधाण केली. १९०१ च्या खानेसुमारीत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली. आधीच्या दहा वर्षांच्या मानाने ही घट सुमारे १५ टक्के होती, आणि तिचे कारण दुष्काळ हेच होते. शंभरातील पंधरा माणसे नाहीशी होणे याचा अर्थ अंकांनी कळत नाही. ओस पडलेली घरे, बियाणेही खाऊन टाकलेली कुटुंबे आणि रस्त्यावर आलेल्या अनाथ मुली, असा तो अर्थ आहे.

याच मध्यप्रांतात पहिल्या दुष्काळाच्या वेळी पंडिता रमाबाई आल्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच निवर्तले होते. उपासमार त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. या दौऱ्यातून त्यांनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुली वाचवून आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगावी ‘मुक्ती’चा संसार उभा राहिला. दुष्काळात अन्न देणे हे दयेचे काम आहे. ते अनेकांनी केले. रमाबाईंचे वैशिष्ट्य त्यापुढचे. आश्रयाला आलेल्या स्त्रीला त्यांनी आश्रित राहू दिले नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे तेथे स्त्रियांच्या हाती आली आणि ती नीट होतील याकडे रमाबाईंचा कटाक्ष राहिला. अंध स्त्रियांनाही ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. ज्या हातांना कालपर्यंत भिक्षापात्राची सवय लागत होती, ते हात खिळे जुळवू लागले.

या खिळ्यांतूनच रमाबाईंच्या अखेरच्या पर्वातील महाकार्य छापले गेले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. आधीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्दकळा खेड्यातील स्त्रीच्या कानाला परकी वाटते, असे त्यांचे मत होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यापूर्वी थोडेच दिवस काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. या भाषांतराच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद होऊ शकतील. मूळाला अक्षरशः चिकटून राहण्याच्या आग्रहाने ते ठिकठिकाणी अवघडले आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. तथापि एका विदुषीने आपली विद्वत्ता सामान्य वाचकिणीच्या पायरीशी नेऊन ठेवावी आणि त्या वाचकिणीच्या बहिणींनीच ग्रंथाची पाने जुळवावीत, ही घटना मराठी ग्रंथनिर्मितीच्या इतिहासात एकाकी आहे. धर्मनिष्ठा आणि कामाची निर्दोषता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हा विचार येथे प्रत्यक्ष कृतीत दिसतो.

धाग्याचे दुसरे टोक आगगाडीत सापडते. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूरकडून राजनांदगावला जाताना टिळकांना डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला, त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. ज्या लोहमार्गावर तो घडला तो गोंदियावरून, म्हणजे बालाघाटच्या उंबरठ्यावरून, जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढचा काव्यप्रवास आपणा सर्वांस परिचित आहे. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने टिळकांच्या चरित्रातील महत्त्वाचे वर्ष १९१७ हे होय. त्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्यास राहू लागले. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ असावा, ही त्यांची ‘देवाच्या दरबारा’ची कल्पना. ९ मे १९१९ रोजी ते वारले, त्यामुळे ती कल्पना रुजण्यापूर्वीच तिचा माळी गेला.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीची नोंद करणे न्याय्य होईल. टिळकांच्या त्यागाची किंमत केवळ टिळकांनी मोजलेली नाही. घरातील वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणारा कवी समाजाला वंदनीय वाटतो. त्याच घरात रात्रीच्या जेवणाची तजवीज करणारी गृहिणी कोणाच्या ध्यानात येत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली नसती, तर आपणही ती गोष्ट विसरलो असतो. पतीच्या धर्मांतरानंतरचा वियोग, १९०० साली त्यांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांशी मनात चाललेला झगडा आणि त्यातून उजळलेली विनोदबुद्धी, हे सारे त्या ग्रंथात आहे. धर्म पंगतीत, विहिरीवर आणि चुलीपुढे कसा पारखला जातो हे मराठीत इतक्या निर्मळपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. थोर पुरुषाच्या नित्यजीवनाची खरी परीक्षा त्याच्या घरातील माणसेच घेतात, हे सूत्र लक्ष्मीबाईंनी आपल्या हाती दिले आहे. ते पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

टिळकांची कल्पना त्यांच्याबरोबर नष्ट झाली नाही. अहमदनगर भागात काम करणारे जॅक विन्स्लो हे इंग्रज धर्मोपदेशक टिळकांचे स्नेही होते. त्यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी, १९२२ मध्ये, त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय सभासदांनी एकत्र राहावे, साधे अन्न खावे, खादी वापरावी, उपासना आणि सेवा यांचा नित्यक्रम पाळावा, असे या संघाचे स्वरूप होते. ‘दरबारा’ची छाया या योजनेवर स्पष्ट पडलेली आहे. पुढे संघाचा आश्रम पुण्यास आला. तेथे १९२७ च्या अखेरीस ऑक्सफर्डचा एक तरुण विद्वान दाखल झाला. त्याचे नाव व्हेरियर एल्विन. त्याच आश्रमात एक मराठी ख्रिस्ती तरुण त्याचा जिवलग मित्र झाला. त्याचे नाव शामराव हिवाळे.

एल्विन यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे. शामरावांचे नाव मराठी वाचकालाही सांगावे लागते. महात्मा गांधींच्या सहवासाने एल्विन स्वातंत्र्यलढ्याकडे ओढले गेले आणि १९३१ मध्ये त्यांनी संघ सोडला. गोंडांमध्ये काम करावे ही सूचना जमनालाल बजाज यांची. नागपूरचे बिशप ॲलेक्स वुड यांच्याशी एल्विन यांचे जमले नाही. राजनिष्ठेची शपथ घेण्यास ते तयार नव्हते. अशा परिस्थितीत १९३२ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस हे दोघे मित्र मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी जाऊन राहिले. हे गाव मैकल रांगेत, अमरकंटकच्या बाजूला. आज ते डिंडोरी जिल्ह्यात आहे. याच डोंगराळ मुलुखाचे दुसरे टोक बालाघाटच्या बैहर पठाराशी मिळते आणि दोन्हीकडे बैगा व गोंड यांची वस्ती आहे.

करंजियास त्यांनी दवाखाना काढला, शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभारला. संस्थेचे नाव ‘गोंड सेवा मंडळ’. या मंडळाने कोणाला बाप्तिस्मा दिला नाही. एल्विन यांनी १९३५ मध्ये इंग्लंडच्या चर्चशी असलेला संबंध तोडला. शामरावांनीही धर्मोपदेशकाच्या दीक्षेचा मार्ग सोडून या मित्राची साथ पत्करली. या निर्णयाकडे धर्मनिष्ठ ख्रिस्ती वाचक खेदाने पाहील आणि त्याचा खेद समजण्यासारखा आहे. परंतु त्या दवाखान्यातील नित्यक्रम पाहिला तर निराळे चित्र दिसते. मलेरियाचा ताप, जखमा, प्रसूतीच्या अडचणी, सरकारी जंगलखात्याशी होणारी कटकट, शाळेच्या शिक्षकांचे पगार, वर्गणीचा तुटवडा, हे रोजचे होते. एल्विन वारंवार आजारी पडत, लेखनासाठी आणि प्रवासासाठी दूर जात. रोजचा गाडा शामराव ओढीत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव येते त्याचे श्रम आपल्याला दिसतात. तो ग्रंथ लिहिला जात असताना दाराशी आलेल्या रोग्याला औषध देणाऱ्याचे श्रम मुखपृष्ठावर मावत नाहीत.

मध्यप्रांतात सेवा आणि धर्मांतर यांचे नाते हा पुढे तीव्र वादाचा विषय झाला. १९५४ साली मध्यप्रदेश शासनाने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. औषध आणि शिक्षण ही आमिषे आहेत काय, हा त्या वादाचा गाभा. त्या प्रश्नाची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी त्याच प्रदेशात एका मराठी ख्रिस्ती माणसाने औषध हे केवळ औषध म्हणून दिले होते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती दोन्ही पक्षांच्या मांडणीत हरवून गेली आहे. ख्रिस्ताने नासरेथात सुतारकाम केले, असे परंपरा सांगते. त्या कामाला येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून त्याने सिद्धांताची मागणी केली नसावी; त्याला हवा होता तो नीट बसणारा जू. शामरावांचा दवाखाना या परंपरेच्या जवळचा होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. एल्विन आणि हिवाळे यांनी मिळून गोंडांच्या लोकगीतांचा ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हा संग्रह १९३५ साली आणि ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ हा १९४४ साली प्रसिद्ध केला. १९४६ मध्ये शामरावांचे दोन स्वतंत्र ग्रंथ निघाले. ‘स्कॉलर जिप्सी’ हे एल्विन यांचे चरित्र, आणि वरच्या नर्मदा खोऱ्यातील परधानांविषयीचा अभ्यासग्रंथ. परधान हे गोंडांचे भाट. आपल्या गोंड यजमानाच्या घरी ठरावीक काळाने जावयाचे, बाना हे तंतुवाद्य वाजवून बडादेवाची आणि गोंड राजांची कथा गावयाची, दान घ्यावयाचे, असा त्यांचा व्यवसाय. गोंड समाजात त्यांचे स्थान धाकट्या भावाचे. मानाच्या दृष्टीने खालचे, स्मृतीच्या दृष्टीने वरचे. साऱ्या जमातीचा इतिहास ज्याच्या कंठात आहे, त्यालाच दारात उभे राहून मागावे लागते, या विरोधाकडे शामरावांचे लक्ष जावे यात नवल नाही. स्वतः ते आयुष्यभर एका कीर्तिमान मित्राचे धाकटे भाऊ म्हणूनच ओळखले गेले.

हा ग्रंथ इंग्रजीत आहे, म्हणून त्याला मराठी वाङ्मयेतिहासात जागा नाही, असा आक्षेप येईल. परंतु महाराष्ट्रातील वासुदेव, गोंधळी, भराडी यांचा अभ्यास करणाऱ्याला परधानांचा हा अभ्यास वगळून पुढे जाता येणार नाही. वैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा बदलते. दारी येऊन कुळाची कथा गाणारा मागता मात्र दोन्हीकडे आहे.

एल्विन-हिवाळे यांच्या कार्यावर सर्वांत कडक टीकाही एका मराठी विद्वानाचीच होती. मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आदिवासींना वेगळे राखण्याच्या कल्पनेचा समाचार घेतला. एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात बैगांसाठी राखीव प्रदेशाची सूचना केली होती. धरणीमातेच्या छातीवर नांगर फिरविणे हे बैगा पाप मानीत. फांद्या जाळून त्या राखेत बी फेकण्याची त्यांची बेवर पद्धत जंगलखात्याने जवळजवळ बंद पाडली होती आणि त्याबरोबर त्यांचा उत्साहही मावळला होता. घुर्ये यांचे म्हणणे असे, की हे लोक हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत आणि त्यांचे हित समाजात मिळून जाण्यात आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण आपल्या विषयापुरता एक प्रश्न या वादाने ऐरणीवर आणला. दुसऱ्याचे जीवन अधिक चांगले करावयाचे म्हणजे कोणाच्या मापाने? जंगल अधिकाऱ्याचे माप नांगराचे, उपदेशकाचे बाप्तिस्म्याचे, समाजशास्त्रज्ञाचे समरसतेचे. जो सेवक ज्वराने फणफणलेल्या बैगाच्या उशाशी बसतो, त्याला यांतील कोणतेही माप हाती धरण्यापूर्वी पाण्याचे भांडे धरावे लागते. उत्तम आचाराचा आरंभ तेथे होतो. त्याचा शेवट कोठे व्हावा याविषयी विद्वानांत मतभेद राहोत.

परंतु हे चित्र निष्कलंक रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही. एल्विन यांनी १९४० मध्ये कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला. १९४९ साली तो न्यायालयात संपुष्टात आला. १९५४ मध्ये एल्विन ईशान्य सीमाप्रदेशाच्या शासनाचे सल्लागार झाले, त्यांना कीर्ती लाभली, २२ फेब्रुवारी १९६४ रोजी ते दिल्लीस निवर्तले आणि त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कोसीचे पुढील दीर्घ आयुष्य याच डोंगराळ टापूत गेले. लक्ष्मीबाईंच्या हाती लेखणी होती, म्हणून टिळकांच्या नित्यजीवनाची दुसरी बाजू मराठी वाचकाला कळली. कोसीने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नाहीत. एका संपूर्ण जमातीवर प्रेम करणे हे कित्येकदा एका माणसाशी नीट वागण्यापेक्षा सोपे असते, हा धडा या प्रकरणातून घ्यावा लागतो. नित्यजीवनातील उत्तमाचा शोध घेणाऱ्या लेखकाला तो टाळता येणार नाही.

एल्विन गेले, शामराव राहिले. करंजियाहून संस्थेचे बिऱ्हाड हलत हलत पाटणगढ येथे स्थिरावले होते. तेथेच शामराव कुटुंबासह राहिले आणि जमेल तशी सेवा करीत राहिले. त्याच पाटणगढातील परधान कुळात जनगढसिंह श्याम हा चित्रकार जन्मला. १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनात त्याच्या प्रतिभेला वाव मिळाला आणि बान्यावर गायिल्या जाणाऱ्या देवकथा कागदावर रंगांत उतरल्या. आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून जी शैली जगभर ओळखली जाते, तिचा उगम या गावात आहे. शामरावांच्या ग्रंथामुळे ती जन्मली, असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्त होईल. कला परधानांची, स्मृती परधानांची. परंतु जग त्या गावाकडे पाहू लागण्यापूर्वी पस्तीस वर्षे एका मराठी माणसाने तेथील मागत्या भाटाला ग्रंथाचा नायक केले होते, एवढे श्रेय त्याच्या पदरी घालणे उचित आहे.

रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई, शामराव या चौघांची प्रकृती भिन्न. चर्चशी असलेले त्यांचे नातेही सारखे नव्हते. पण चौघांच्याही जीवनात धर्माची कसोटी रविवारच्या उपासनेतून निघून सोमवारच्या कामावर येऊन ठेपली. रमाबाईंनी ती खिळ्यांच्या जुळणीत पाहिली, टिळकांनी पगार सोडण्यात, लक्ष्मीबाईंनी खरे बोलण्यात आणि शामरावांनी मागे राहण्यात. संतवाङ्मयावर पोसलेल्या मराठी मनाला हा विचार परका नाही. सावता माळ्याचा मळा आणि गोरोबांचे चाक यांना ज्या भाषेने देवघराची प्रतिष्ठा दिली, तिला केडगावचा छापखाना आणि करंजियाचा दवाखाना ओळखीचा वाटावयास हवा.

आपल्या संस्थांपुढे यातून एक साधे कर्तव्य उभे राहते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास शिकविताना त्याची सीमा टिळकांच्या मृत्यूशी आणि राज्याच्या नकाशाशी थांबवू नये. बालाघाट, शिवनी, मंडला, राजनांदगाव या भागांतून जी मराठी माणसे राबली, त्यांची पत्रे, दैनंदिन्या, शाळांची हजेरीपत्रके आणि दवाखान्यांच्या वह्या हीदेखील इतिहासाची साधने आहेत. ती वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी पाहिली पाहिजेत. सीमेपलीकडील शाळांतून मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे काम मनावर घेतले, तर ते ग्रंथालयात बसलेल्या संशोधकापेक्षा अधिक चांगले होईल. कारण ती गावे, ती आडनावे आणि ती बोली त्यांच्या कानांवर रोज पडते.